उभ्या चढणीचं ऊन आणि मागं येणारं कुत्रं

मी कळसूबाईच्या पायथ्याची. अकोले तालुक्यातल्या बारी गावाकडून जी वाट डोंगरावर जाते, त्या वाटेवर पहिल्या लोखंडी शिडीच्या खाली माझं सरबताचं पाल आहे. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं चढायला येतात. त्यांना मी लिंबू सरबत, ताक, काकडी विकते. रेडिओवरच्या ताईंनी विचारलं, तुम्ही कशावर बोलणार? मी म्हटलं, कुत्र्यावर. त्या हसल्या. म्हणाल्या, गटाच्या बाया ऐकतात, त्यांना कुत्र्याचं काय? मी म्हटलं, ताई, गटातली अशी एक बाई दाखवा जी रानात निघाली की मागं कुत्रं निघत नाही.

खरं आहे ना? शेळ्या घेऊन निघा, सरपणाला निघा, हिरडा वेचायला जा, करवंदाला जा. आपण हाक मारत नाही, तरी ते येतं. आपल्यालाही बरं वाटतं. सोबत होते, साप-किरडू दिसलं तर आधी तेच भुंकतं. पण आपण त्याच्याकडे वळून किती वेळा बघतो? मी बघत नव्हते. तीच गोष्ट सांगायला आज आले आहे.

आमचा काळ्या. गावठी, अंगानं काळाभोर, छातीवर पांढरा ठिपका. धाकट्या लेकीनं पिल्लू असताना ओट्याखालून काढून आणला तेव्हापासून घरात आहे. मी पाल टाकलं त्या वर्षापासून तो माझ्याबरोबर वर येतो. दिवसभर पालाच्या सावलीत पडतो, संध्याकाळी माझ्या पुढं खाली उतरतो. सहा वर्षं असं चाललं होतं. म्हणून मला वाटायचं, याला ऊन लागतच नाही. डोंगरातलं कुत्रं, त्याला कसलं ऊन!

दोन वर्षांमागची गोष्ट. वैशाखातला रविवार होता. एरवी मी तांबडं फुटलं की निघते आणि ऊन तापायच्या आत पालावर पोचते. त्या दिवशी पहाटे शेळी व्यायली. दुसरं करडू आडवं आलं होतं, त्यात वेळ गेला. घरून निघाले तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. सासूबाई म्हणाल्या, “आज राहू दे गं, ऊन बघ केवढं.” मी म्हटलं, रविवार आहे, रविवार सोडला तर आठवड्याचं काय उरलं? डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पंधरा लिटरचा पाण्याचा कॅन, हातात लिंबाची पिशवी. काळ्या मागं.

ज्यांनी आमचा डोंगर बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटर. बारीतून माथ्यापर्यंत आठशे मीटरच्या वर उभा चढ आहे. वर देवीचं लहानसं देऊळ आहे, नवरात्रात गर्दी होते. आमच्याकडे सांगतात, कळसू नावाची मुलगी कामाला राहिली ती अट घालून की केर आणि भांडी तेवढी सांगू नका. एके दिवशी सांगितलीच, तेव्हा ती निघाली ती थेट डोंगरावर. (आपल्यापैकी कितीजणींना असं निघून जावंसं वाटतं ते विचारत नाही.) तर ही वाट. सुरुवातीला शेतं आहेत, थोडी झाडं आहेत. ती संपली की उघडा कातळ, मुरूम, मधेमधे पायऱ्या. बारीची बाजू डोंगराच्या पूर्वेला, म्हणून ऊन सकाळपासूनच वाटेवर असतं. चढताना ते पाठीवर येतं, आणि खालचा दगड तापला की पोटाखालूनही लागतं. माणसाला पोटाखालचं ऊन कळत नाही, आपण उभे चालतो. कुत्र्याचं पोट दगडापासून वीतभर उंच.

शेतं संपली तिथं काळ्या पहिल्यांदा थांबला. एका करवंदीच्या जाळीत शिरून बसला. मी हाक मारली, तो आला. थोडं वर गेल्यावर पुन्हा एका दगडाच्या आडोशाला बसला. मी म्हटलं, आज आळस चढलाय याला. पुन्हा हाक मारली, पुन्हा आला. जीभ इतकी बाहेर, की एका बाजूला लोंबत होती आणि टोकाला रुंद झाली होती. लाळ दोऱ्यासारखी चिकट गळत होती. हे सगळं मी बघितलं, बायांनो. बघितलं नाही असं म्हणणार नाही. माझ्या डोक्यावर पंधरा लिटर पाणी होतं. मनात आलंही, की ओंजळभर द्यावं. पण कॅन उतरवायचा, बूच उघडायचं, पुन्हा एकटीनं डोक्यावर चढवायचा. आणि त्या पाण्याचे ग्लास माझ्या डोक्यात मोजलेले होते, वीस रुपयांना एक. म्हटलं, पालावर गेल्यावर देऊ. अर्ध्या तासाची तर गोष्ट.

पाल दिसायला लागलं त्या वळणावर मोठा कातळ आहे. तिथं मी मागं वळले तर काळ्या दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात होता. मागचे पाय एकीकडे, पुढचे एकीकडे. मग ओकला. मग आडवाच झाला, त्या तापल्या कातळावर. हाक मारली तर शेपूट हलली नाही.

वरून काही पोरं उतरत होती. त्यातला एक ओरडला, “पिसाळलंय! लांब व्हा!” एकानं दगडही उचलला. आता विचार करते तर त्याचा दोष नाही. तोंडाला फेस, लाळ, झोकांड्या, असंच दिसतं ते. मी आडवी गेले, म्हटलं माझं कुत्रं आहे, इंजेक्शन दिलेलं आहे. ते खरं होतं म्हणून बोलू शकले. पेरूच्या झाडाखालच्या शिबिरात दरवर्षी टोचून घेत होतो, त्या दिवशी त्याचा असा उपयोग झाला.

शेजारच्या पालावरच्या आजी कांदा घेऊन धावत आल्या. आपल्यात उन्हाळी लागली की कांदाच करतात ना? नाकाला लावतात, रस काढून पाजतात. आजी रस पाजायला तोंड उघडणार, एवढ्यात चढून येणारी एक बाई ओरडली, “आजी, नको! कुत्र्याला कांदा विष आहे.” शहरातली बाई, पँट घातलेली, घामानं चिंब. मला आधी रागच आला. मग तिनं विचारलं, “पाणी आहे का?” आणि मी माझ्या कॅनकडे बघितलं.

पंधराच्या पंधरा लिटर तिथं गेलं. तिनं सांगितलं तसं केलं. आधी दोघींनी उचलून त्याला पालाच्या सावलीत नेलं. मग पोटावर, काखेत, जांघेत, पायाच्या पंजांवर, मानेवर पाणी ओतत राहिलो. मी पदर ओला करून त्याच्यावर पांघरायला निघाले, तर तिनं तो काढायला लावला. ओलं कापड अंगावर तसंच राहिलं तर थोड्या वेळात ते गरम होतं आणि आतली वाफ आतच कोंडते. म्हणून पाणी ओतायचं आणि वारा घालायचा. आजींनी सूप आणलं, सुपानं वारा घातला. तोंडात पाणी ओतू दिलं नाही. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जातं, हे मात्र माणसाचंही तसंच आहे. बऱ्याच वेळानं त्यानं मान उचलली आणि आपणहून ताटलीतलं पाणी चाटलं. ती बाई म्हणाली, “डोळे उघडले म्हणजे झालं असं समजू नका. डॉक्टरकडे न्या, आजच.”

साडीची झोळी केली. दोन पोरांनी, त्यातला एक तोच दगड उचललेला, झोळी खाली आणली. 1962 हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत. त्यावर फोन लावून डॉक्टर कुठं भेटतील ते विचारलं आणि जीपनं नेलं. डॉक्टरांनी ताप मोजला. एवढं पाणी ओतून, एवढा वेळ जाऊनही 104 च्या वर होता.

डॉक्टरांनी जे समजावलं ते तुम्हाला सांगते, कारण मला ते सहा वर्षं कुत्रं घेऊन चढूनही ठाऊक नव्हतं. आपल्याला घाम येतो, तो वाळला की अंग गार होतं. कुत्र्याच्या अंगाला घाम येत नाही, पंजाच्या गाद्यांना येतो तो थोडासा. त्याचं सगळं काम जिभेवर चालतं. धापा टाकून तोंडातली ओल वाळवायची आणि आतली गरमी बाहेर काढायची. प्यायला पाणी नसेल तर वाळवायला ओल कुठून येणार? कुत्र्याचा साधा ताप आपल्यापेक्षा जास्तच असतो, 101 ते साडेएकशेदोन. म्हणून अंगाला हात लावून गरम लागलं तर लगेच घाबरू नका. पण 104 च्या पुढं गेला की धोका, आणि 106 च्या आसपास आतले अवयव बिघडायला लागतात. काळा रंग ऊन जास्त ओढतो. म्हातारं, जाडं आणि पिल्लू लवकर पडतं. चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर धाप नीट टाकताच येत नाही.

आणि मला सगळ्यात लागलं ते हे. डॉक्टर म्हणाले, “तो दोनदा सावलीत बसला तेव्हा तुम्हाला सांगत होता. तुम्ही हाक मारली म्हणून आला.” शेळी अशी करत नाही, बघा. शेळीला ऊन झालं की ती झाडाखाली उभी राहते, तुम्ही नरडं फुटेस्तोवर ओरडा. बैल बसला तर उठत नाही. कुत्रं उठतं.

तीन दिवस सलाईन दिली. उन्हाचा तडाखा बसल्यावर दोन-तीन दिवसांनीही मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, म्हणून लघवी होते का, कशी होते ते बघायला सांगितलं होतं. लेक वही घेऊन बसायची. एकदा रक्ताची शी झाली तेव्हा आम्ही आशा सोडली होती. चौथ्या दिवशी त्यानं दूध-भाकर मागितली. पंजांची कातडी मात्र सोलून निघाली होती, कातळानं भाजली होती. ती भरायला महिना लागला. जीपचा आणि औषधांचा खर्च निघायला दोन महिन्यांचे रविवार गेले. एका ग्लासाचे वीस रुपये मी वाचवले होते, तो हिशेब माझ्या लेकीनं मला एकदाच ऐकवला. पुन्हा नाही ऐकवला, पण एकदा पुरलं.

आता मी काय करते ते सांगते. उन्हाळ्यात दगडावर हाताची मागची बाजू टेकवते आणि सातपर्यंत मोजते. हात काढावासा वाटला तर त्या दगडावर कुत्र्यानं चालायचं नाही. शिडीच्या लोखंडाचं तर बोलूच नका, ते दगडाच्या आधी तापतं. आपण चपला घालून म्हणतो, वाट बरी आहे. एक दिवस चप्पल काढून दहा पावलं टाकून बघा.

लवकर निघावं असं सगळे सांगतात. पण आपल्या भागात त्यात मेख आहे. अंधारात कुत्रं बरोबर असलं की बिबट्या मागं लागायची भीती. ही नुसती गावगप्पा नाही. आपल्या अकोले तालुक्यातच बिबट्यांचा अभ्यास झाला, 2014 साली तो छापून आला. त्यात दिसलं की इथल्या बिबट्याच्या पोटात जाणाऱ्या मांसात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्याचा आहे. तेव्हा उन्हाच्या भीतीनं काळोखात कुत्रं घेऊन एकटीनं निघू नका. वाट स्पष्ट दिसायला लागली की निघायचं, दोघी-तिघींनी मिळून निघायचं, आणि ऊन चढायच्या आत पोचणार नसू तर कुत्रं घरी बांधायचं. बांधताना सावली फिरते हे लक्षात ठेवा. सकाळी ज्या खांबाला सावली असते तिथं दुपारी ऊन येतं, आणि दोरी आखूड असली तर घरी ठेवूनही तेच होईल जे डोंगरावर झालं.

त्याचं पाणी वेगळं न्यायचं. माझ्या विक्रीच्या कॅनमधलं “देऊ नंतर” असं नाही, त्याची बाटली वेगळी. लेकीनं त्यावर काळ्याचं नाव लिहून दिलं आहे. वाटेत दर थांब्याला थोडं थोडं द्यायचं, एकदम ढसाढसा नाही. वरच्या विहिरीच्या भरवशावर उन्हाळ्यात चढायचं नाही.

आमच्या पालांवरच्या बायांनी मिळून आणखी एक ठरवलं. शहरातले लोक हल्ली आपली कुत्री घेऊन येतात. केसाळ, गुबगुबीत, एकेक तर थंड देशातली. वाटेच्या सुरुवातीला एक बाई बसते, तिथं पाण्याचं घमेलं ठेवलं आहे. नऊच्या पुढं कोणी कुत्रं घेऊन आलं की ती सांगते, दादा, याला इथं सावलीत ठेवा, आम्ही बघतो, तुम्ही जाऊन या. काही ऐकतात. काही म्हणतात, “अहो, आमचा रोज पाच किलोमीटर धावतो.” एका साहेबांना मी म्हटलं, “साहेब, बूट काढून हा एवढा कातळ चढून दाखवा, मग न्या.” ते चिडले. त्यांच्या बायकोनं मात्र चप्पल काढून दगडाला पाय लावला आणि कुत्र्याचा पट्टा त्यांच्या हातातून घेतला. दोघी तिथंच बसलो, तिनं चार ताकं प्यायली. धंदाही झाला.

उलटंही होतं. पाहुणे गावातल्या कुत्र्यांना बिस्किटं टाकतात आणि ती बिस्किटाच्या मागं माथ्यापर्यंत जातात. मग पाहुणे दुसऱ्या बाजूनं उतरतात, गाडीत बसतात, आणि कुत्रं परक्या गावात. त्यांना सांगायला शिका, ताई, खायला घालायचं तर खाली परत आल्यावर घाला. आणि चॉकलेट, मनुका, द्राक्षं, कांदा घातलेलं काही नको. ते विष आहे हे पुष्कळ शिकलेल्यांनाही ठाऊक नसतं. आम्हाला तरी कुठं होतं?

त्या पोराच्या दगडाचंही सांगते. फेस गाळणारं कुत्रं उन्हानं पडलंय की पिसाळलंय, हे नुसतं बघून आपल्याला नक्की ठरवता येत नाही. म्हणून अनोळखी कुत्रं असेल तर तोंडाजवळ हात नेऊ नका, लांबून अंगावर पाणी ओता. ओळखीच्या कुत्र्याचं तोंड दोरीनं बांधू नका, त्याची धाप बंद होईल. चावलंच, ओरबाडलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यायचं. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. आपल्या कुत्र्याला दरवर्षी टोचून घ्या, म्हणजे माझ्यासारखं आडवं उभं राहून बोलता येतं.

काळ्या आता वर येत नाही. पावसाळ्यात, थंडीत थोडा येतो, कातळ सुरू होतो तिथून मीच त्याला माघारी धाडते. पहिल्यांदा ऐकायचा नाही. बसायचा, रडायचा, मी वळण घेतलं की पुन्हा मागं. मग मी शिकले की हाक न मारता चालायचं, आणि मागं वळून बघायचं ते फक्त तो गेला का एवढंच बघायला. उन्हाळ्यात लेक त्याला पडवीत बांधते. संध्याकाळी मी उतरते तेव्हा तो शेवटच्या घरापाशी येऊन बसलेला असतो. आधी कॅनचा वास घेतो, मग माझा.

चला, उद्या रविवार आहे, लिंबं धुवायची राहिली आहेत. नमस्कार.